चीफसाहेबांची भीती

मी दातांची डॉक्टर. क्रांती चौकात एका औषधाच्या दुकानावर माझा दवाखाना आहे. माणूस खुर्चीत बसला की तोंड उघडायच्या आधीच तो किती घाबरलाय ते मला कळतं. पैलवान मुठी आवळतात, वकील बोलत सुटतात, आणि पोलीस खात्यातले साहेब लोक तर 'आज फक्त बघा, काही करू नका' म्हणून आधीच वचन घेतात. इतक्या वर्षांत एकच माणूस माझ्या खुर्चीत निवांत झोपी गेलेला मी पाहिला. दाढेचं काम अर्ध्यावर आलं तर महाशय चक्क घोरत होते. आणि तरीही शपथेवर सांगते, त्यांच्याइतका घाबरट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

ते म्हणजे एअर चीफ मार्शल माधवराव सोनवणे, एके काळचे देशाच्या हवाई दलाचे प्रमुख. निवृत्त झाल्यावर दिल्लीत न राहता पडेगावला आमच्या शेजारी बंगला बांधून राहिले आणि गेल्या हिवाळ्यात दुपारी पेपर वाचता वाचता गेले. सगळी गल्ली त्यांना चीफसाहेब म्हणायची.

ते राहायला येणार म्हटल्यावर आम्ही झुपकेदार मिशा, करडा आवाज आणि दोन दांडगी कुत्री अशी तयारी ठेवली होती. आले ते किरकोळ अंगाचे, लेंगा आणि बंडीतले गृहस्थ. ओळख करून घ्यायला म्हणून आमच्या घरी आले आणि चहा व्हायच्या आत स्वयंपाकघरात शिरून गॅसची नळी वाकवून बघू लागले. "डॉक्टरीणबाई, ही आजच्या आज बदला," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मला रागच आला होता. नळी खरोखरच चिरली होती, त्यामुळे तो बोलूनही दाखवता येईना.

माझ्या नवऱ्याला, विजयला, विमानांचं भारी वेड. त्यानं एकदा विचारलं, "साहेब, प्रमुख झाल्यावरसुद्धा विमान उडवायला मिळतं का हो?"

"हौस म्हणून कधीमधी. पण ध्यानात घ्या विजयराव, प्रमुख उडत नसतो. प्रमुख पाठवतो," ते म्हणाले. "कोणतं विमान घ्यायचं, कोणतं मोडीत काढायचं, कुणाला कुठं धाडायचं, मंत्र्यापुढं काय मांडायचं, समदं टेबलावर. आमच्या खुर्चीला चाकं असतात, पंख नसतात. आणि गेलेलं लेकरू परत उतरेपर्यंत खाली बसून राहायचं. खरी नोकरी तीच."

'लेकरू' हा त्यांचाच शब्द. वैमानिक कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्यांच्या तोंडी तो लेकरूच असायचा.

खाली बसून राहायची ती सवय त्यांची निवृत्तीनंतरही सुटली नाही. फरक इतकाच, की आता आम्ही त्यांची लेकरं झालो. गल्लीतून कुणी गावाला निघालं की साहेब बाहेर यायचे आणि गाडीभोवती चक्कर मारायचे. पुढून सुरुवात, मग डावी बाजू, मग मागं, मग उजवी. हा क्रम कधी चुकायचा नाही. प्रत्येक चाकाला हात लावायचे, दिवे लावून बघायला सांगायचे, खाली वाकून इंजिनातून काही गळतंय का पाहायचे. आम्ही पुण्याला विजयच्या भाचीच्या लग्नाला निघालो होतो. आधीच उशीर झालेला, मी जरीच्या साडीत घामाघूम झालेली. साहेबांनी मागच्या टायरवर अंगठा दाबला.

"हा फुगा दिसतोय का?"

"साहेब, पुण्यापर्यंत जाईल आरामात," विजय म्हणाला.

"तिथवर जाईल असं म्हणणारी लई लेकरं बघितली मी," ते शांतपणे म्हणाले. "नंतर त्यांच्या फोटोला हार घातला."

त्यांनी गाडीची चावी काढून घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. टायर बदलून होईस्तोवर दिली नाही. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नणंदेनं त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. निघताना कुणी चुकून 'जातो' म्हटलं की ते फाटकातून ओरडायचे, "येतो म्हणा! येतो म्हणा आधी!" आपण सगळेच तसं म्हणतो, पण त्यांच्या आवाजात अशी काही कळकळ असायची की थट्टा करणारी पोरंसुद्धा मुकाट 'येतो' म्हणून मोकळी व्हायची.

गल्लीत त्यांच्यावर पुष्कळ विनोद होते. त्यातला एक मीही केला, आणि तो माझ्याच अंगाशी आला. आमच्या सोसायटीनं रखवालदाराला नवा गणवेश शिवायचं ठरवलं होतं, निळसर राखाडी रंगाचा. एरवी बैठकीला कधी न येणारे साहेब त्या दिवशी आले. उभे राहिले आणि म्हणाले, "माझी विनंती आहे. हा रंग सोडून दुसरा कोणताबी चालेल." कारण काही सांगेनात. मी हसून म्हटलं, "साहेब, रखवालदारानं तुमची बरोबरी केली तर कमीपणा येईल होय?" सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. रखवालदाराला शेवटी खाकी शिवला.

दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, मला घेऊन बसल्या. काकू बोलायला खणखणीत. पण त्या दिवशी आवाज खाली आणून बोलत होत्या.

"हवाई दलात मरणाची खबर फोनवर देत नाहीत, बाई. साहेब प्रमुख झाले तेव्हा त्यांनी ते फार सक्त केलं. गणवेशातला अधिकारी स्वतः दारात जातो, सोबत एक बाई असते. घरातल्या बाईला धरायला कुणीतरी लागतं ना. आणि एरवी दुसऱ्या कसल्याही कामाला, न कळवता, गणवेशात वैमानिकाच्या दारात जायचं नाही. त्यामुळं आमच्या वसाहतीत फोन वाजला की जीव भांड्यात पडायचा आणि न सांगता गाडी थांबली की बायका जागच्या जागी खाली बसायच्या. सोबतची बाई म्हणून मी किती दारांत गेलेय ते मला विचारू नको. आता आमचेच डोळे दाराला लागलेत. आमची जुई लढाऊ विमान उडवते."

जुई त्यांची नात, मुलीची मुलगी. सुट्टीत यायची, विजयच्या स्कूटरवरून बीबी-का-मकबऱ्यापर्यंत रपेट मारायची आणि आजोबांचं चाकं तपासणं संपेपर्यंत निमूट थांबायची. तिला मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत का गं? ती म्हणाली, "आमच्या घरात ते खातं आजोबांकडं आहे." आम्ही दोघी खूप हसलो होतो.

गणवेशाचं बोलणं झालं त्याच दुपारी काकूंनी मला गंगाधरभाऊंची गोष्ट सांगितली. साहेब मूळचे सोयगावचे. गंगाधरभाऊ त्यांचे शाळेपासूनचे जिवलग मित्र, सोयगावातच त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. माधवच्या गणवेशाकडं बघत बघत गंगाधरभाऊंचा धाकटा मुलगा विलास मोठा झाला आणि वैमानिक झाला. साहेब प्रमुख असताना विलास ज्या तुकडीत होता तिथली विमानं जुनी झाली होती, अपघात होत होते, आणि नवी यायला अवकाश होता. जुनी तोवर उडवायची की थांबवायची, हे साहेबांनी ठरवायचं होतं. गंगाधरभाऊ आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीला गेले. म्हणाले, पोराचं लग्न ठरतंय, त्याला थोडे दिवस खाली टेबलावर घे. साहेब म्हणाले, "एका बापाचं ऐकलं तर बाकीच्या बापांना काय सांगू?" विमानं उडत राहावीत या कागदावर त्यांनी सही केली. विलासचं विमान त्यानंतर काही दिवसांनी कोसळलं.

"साहेबांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. आम्ही दोघंच गेलो सोयगावला," काकू म्हणाल्या. "गंगाधरभाऊ रडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, 'सही करताना तुला भ्या वाटलं व्हतं का रे?' आणि हे नुसते ताठ उभे राहिले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. साहेब मला नेहमी म्हणतात, मी तेव्हा लई भ्यालो होतो गं, पण गंगाला ते सांगायला तोंड उघडलं नाही."

मग तो उन्हाळा आला. सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली, टीव्हीवर रात्रंदिवस विमानं घोंघावू लागली आणि आमच्या गल्लीतली, कधी छतावरून खालीही न डोकावलेली माणसं कुठं बॉम्ब टाकायला पाहिजे ते सांगू लागली. जुई पश्चिमेकडच्या कुठल्या तरी तळावर होती. तिचा फोन बंद झाला. तो बंद असणार हे साहेबांना माहीत होतं, कारण अशा वेळी फोन बंद ठेवायचा नियमही त्यांच्याच काळातला. तरी ते दिवसभर मोबाइल हातात धरून व्हरांड्यात बसायचे. खुर्ची फाटकाकडं तोंड करून. रस्त्यानं पांढरी गाडी आली की उठून उभे राहायचे आणि ती पुढं गेली की खाली बसायचे. मी दवाखान्यातून परतताना मुद्दाम हॉर्न वाजवायला लागले, म्हणजे लांबूनच कळावं की मी आहे.

त्या दिवसांत ते दवाखान्यात आले. खालची दाढ उभी तडकली होती. दाढ अशी तडकते ती दात आवळून आवळून.

"साहेब, झोपेत दात खाता का?"

"झोप कुठं हाय?" ते म्हणाले.

यावेळी ते खुर्चीत झोपले नाहीत. काम चालू असताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडं लागली होती. बाहेर कुणाच्या चपला वाजल्या की त्यांचा जबडा माझ्या हाताखाली घट्ट व्हायचा. मला स्वतःला भीती वाटू लागली. इतकी, की त्या संध्याकाळी घरी येऊन मी टीव्हीची वायरच काढून ठेवली.

काकूंचा धीर सुटत चालला होता. आताचे प्रमुख कधी काळी साहेबांच्या हाताखाली काम केलेले. एक फोन केला असता तर जुई कुठं आहे, कशी आहे ते कळलं असतं. कदाचित तिला खालीही घेतलं असतं. माझ्यादेखत काकूंनी मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"एक फोन. अहो, नात आहे आपली!"

"तेवढा एक सोडून काय बी सांग, शालिनी," ते म्हणाले. "हेच मागाया गंगा दिल्लीला आला व्हता. मी ऐकलं नव्हतं."

आणि तो रविवार. सकाळची वेळ. मी काकूंकडं पापड वाळत घालायला मदत करत होते. फाटकाशी गाडी थांबली. पांढरी. आधी ड्रायव्हर उतरला, मग मागच्या दारातून निळसर राखाडी गणवेशातला एक अधिकारी उतरला. त्याच्यापाठोपाठ फिकट साडीतली एक बाई उतरली.

साहेब उठले. मला वाटलं होतं की ते कोसळतील. ते कोसळले नाहीत. बंडीची बटणं त्यांनी एक एक करून लावली आणि मागं न बघता हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, शालिनीला धरा."

मी काकूंना धरलं. साहेब फाटकापर्यंत चालत गेले. एवढंसं अंगण, पण ते संपता संपेना. फाटक उघडून ते अधिकाऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बोला."

त्या तरुण अधिकाऱ्यानं खाडकन सलाम ठोकला आणि तोंडभर हसला. शहरात मुलांच्या शिबिरात भाषण द्यायला तो आला होता. जुने चीफ इथंच राहतात हे शिबिरवाल्या बाईंकडून कळलं, म्हणून पाया पडून जावं असं त्याच्या मनात आलं. बाई दाखवायला सोबत आल्या होत्या. न सांगता यायचं, चीफना खूश करायचं, असा त्याचा बेत. जुई उडते हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. बाईंच्या हातात गुच्छ होता, तो मला तेव्हा कुठं दिसला.

साहेबांनी त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. चहा पाजला. त्याच्या वडिलांची, तळाची चौकशी केली. स्वतःचा कप मात्र त्यांनी भरलेलाच खाली ठेवून दिला. निघताना पोरगा 'जातो सर' म्हणाला आणि साहेबांनी त्याला टोकलं नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ते पायरीवर बसले. काकूंनी पुन्हा मोबाइल पुढं केला, तर मान हलवली.

"डॉक्टरीणबाई, आज दवाखाना बंद असतो ना? मला सोयगावला न्या."

काकू आमच्याबरोबर आल्या नाहीत. "घरी कुणीतरी असायला पाहिजे," एवढंच म्हणाल्या. का असायला पाहिजे ते तिघांनाही कळत होतं. मी विजयला काकूंच्या सोबतीला ठेवलं आणि गाडी काढली. साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली नाही. फुलंब्री गेलं, सिल्लोड आलं. तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावून काकूंना फोन केला. "कुणी आलं नाय ना?" तेवढं विचारून ठेवून दिला. अजिंठ्याच्या घाटात पुन्हा तेच. फोनला रेंज नव्हती, आणि ती येईपर्यंत प्रत्येक वळणावर ते मोबाइल खिडकीबाहेर धरून बघत होते.

गंगाधरभाऊंचं दुकान बाजारपेठेत होतं. पेरणीच्या आधीचे दिवस, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं थप्पीनं लागलेली. गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं. गल्ल्यामागं जाड चष्म्याचे, थकलेले गंगाधरभाऊ बसले होते. साहेब पायरीशीच थांबले.

"कोण हाय?" भाऊंनी डोळ्यांवर हात धरला. मग हात खाली घेतला. "माधव."

"आत नाय येत," साहेब म्हणाले. "तू एक विचारलं व्हतं. त्याचं उत्तर द्यायचं राह्यलंय."

भाऊंनी गल्ल्याचा खण लावून घेतला.

"मला भ्या वाटलं नव्हतं, गंगा. मी समद्यांना सांगत आलो की लई भ्यालो व्हतो. शालिनीला बी तेच सांगितलं. मला बी ते खरं वाटाया लागलं व्हतं. पण त्या दिवशी टेबलावर लई कागद व्हते, त्यातला तो एक. सही केली आन् जेवाया गेलो. भ्या म्हंजे काय ते मला आज सकाळी कळलं. दारात गणवेश आला तवा."

मी पायरीखाली उभी होते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. गंगाधरभाऊ ओरडतील, हाकलतील, हातातलं काहीतरी फेकून मारतील, आणि त्यातलं काहीही केलं तरी ते योग्यच असेल, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोण हाय तुझं तिकडं?"

"नात."

"खबर?"

"काय बी नाय. लई दिस झाले."

भाऊंनी पायानं एक स्टूल पुढं सरकवलं. "बस. उनातनं आलास."

साहेब बसले आणि तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर जुईचं नाव होतं. ते मलाही दिसलं आणि चष्मा सावरत पुढं वाकलेल्या भाऊंनाही दिसलं. साहेबांनी उचलला नाही. त्यांनी भाऊंकडं पाहिलं आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. ज्या माणसाला त्यांनी स्वतः ती खबर दिली होती, त्याच्यासमोर बसून हा फोन घ्यायचा धीर त्यांना होत नव्हता. तो वाजत राहिला आणि बंद पडला.

"आरं, उचल की!" गंगाधरभाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली. "पोरगी हाय ना ती? काय म्हनंल ती?"

साहेबांनी मोबाइल सरळ केला, पण त्यांचं बोट पडद्यावर नुसतं फिरत राहिलं, काही दाबता येईना. तो पुन्हा वाजू लागला. गंगाधरभाऊ गल्ल्यामागून उठले, गुडघे धरत पुढं आले, साहेबांच्या हातातून तो काढून घेतला, मला कोणतं बटण ते विचारलं आणि कानाला लावला.

"हॅलो. हां, पोरी. मी सोयगावचा गंगाधर आजा. हाय, हितंच बसलाय, त्याला काय झालं नाय. तू बोल. खाली हायेस ना? जमिनीवर?"

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. भाऊंनी मोबाइल कानाशी आणखी घट्ट धरला, ऐकलं, आणि मान हलवत म्हणाले, "हां. मग झालं. जेवलीस का?"